‘गेट’ या एका क्रियापदाबद्दल: मिळणे, होणे, पोचणे, करून घेणे

पाटीपेन्सिल

इंग्रजी बोलताना अडखळायला होतं ते अवघड शब्दांपाशी कमी आणि लहान क्रियापदांपाशी जास्त. त्यातही ‘गेट’ सगळ्यांत त्रास देतं. शब्दकोश उघडला की त्याचे अर्थ पानभर सापडतात आणि ते पाठ करूनही वाक्य जुळत नाही. म्हणून हा धागा.

अर्थ पाठ करण्याऐवजी ‘गेट’च्या पुढे काय येतं ते बघा. पुढचा शब्दच अर्थ ठरवतो.

पुढे नाम असेल तर मिळणे, घेणे, आणणे. ‘आय गॉट अ लेटर’, मला पत्र आलं.

पुढे विशेषण असेल तर होणे. ‘द टी गॉट कोल्ड’, चहा गार झाला.

पुढे जागा असेल तर पोचणे. ‘वी गॉट टू द स्टेशन अ‍ॅट नाइन’, आम्ही नऊला स्टेशनवर पोचलो. पण ‘होम’, ‘हियर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ लावायचं नाही. ‘गेट होम’ बरोबर, ‘गेट टू होम’ चूक.

पुढे ‘टू’ आणि क्रियापद आलं तर ‘-यला मिळणे’. ‘आय गॉट टू सी द सी’, मला समुद्र बघायला मिळाला. मराठीत या रचनेला इतका नेमका जोड आहे की तो शाळेत का सांगत नाहीत याचं आश्चर्य वाटतं.

पुढे वस्तू आणि क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर ‘करून घेणे’. पुढे माणूस, मग ‘टू’, मग क्रियापद असेल तर ‘करायला लावणे’. या दोन्हींवर खाली सविस्तर बोलूच.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. ‘बी’ आणि ‘हॅव’ ही क्रियापदं स्थिती सांगतात, ‘गेट’ त्या स्थितीत शिरणं सांगतं. ‘आय हॅव द की’, किल्ली माझ्याकडे आहे. ‘आय गॉट द की’, किल्ली मिळाली. ‘आय अ‍ॅम वेट’, मी भिजलेला आहे. ‘आय गॉट वेट’, मी भिजलो. ‘आहे’ आणि ‘झालं’ यांतला फरक मराठी माणूस कधी चुकत नाही. तोच फरक इथे वापरायचा आहे.

रफवही

मग ‘तो डॉक्टर झाला’ हे ‘ही गॉट अ डॉक्टर’ होईल का? ‘गेट’ म्हणजे होणे असं म्हणताय म्हणून विचारते.

पाटीपेन्सिल

नाही. ‘ही गॉट अ डॉक्टर’ याचा अर्थ ‘त्याने डॉक्टरांना आणलं’ असा होतो. वरचा नियम पुन्हा बघा: ‘होणे’ हा अर्थ पुढे विशेषण असेल तरच. डॉक्टर हे नाम आहे, म्हणून ‘गेट’ लगेच ‘मिळवणे, आणणे’ या अर्थावर जातं. तिथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’ म्हणावं लागतं. मराठीत ‘गार झाला’ आणि ‘डॉक्टर झाला’ दोन्हींना एकच क्रियापद चालतं. इंग्रजीत चालत नाही. ही चूक तिथूनच येते.

अर्धविराम

एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ‘गेट म्हणजे होणे, लागणे, येणे’ एवढंच धरून चाललं की लोक ‘आय गॉट हंग्री’ म्हणायला लागतात.

मराठीत आत्ताची स्थिती सांगायलाही आपण भूतकाळाचं रूप वापरतो. ‘मला भूक लागली’, ‘मी थकलो’, ‘मला कंटाळा आला’. ही रूपं भूतकाळाची, पण बोलणाऱ्याला सांगायचं असतं ते आत्ताचं. इंग्रजीत अशा ठिकाणी ‘बी’ लागतं: ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय अ‍ॅम टायर्ड’, ‘आय अ‍ॅम बोअर्ड’.

‘आय गॉट हंग्री’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ती झालेली हकीकत वाटते. वाटेत भूक लागली आणि मग थांबून काहीतरी खाल्लं, असं.

भूक एका ठरावीक वेळी ‘लागते’ असं सांगायचं असेल तेव्हा मात्र ‘गेट’च हवं. ‘आय गेट हंग्री अ‍ॅट इलेव्हन’. आणि भूक हळूहळू लागू लागली असेल तर ‘आय अ‍ॅम गेटिंग हंग्री’.

पडताळा सोपा आहे. मराठी वाक्यात ‘लागली’च्या जागी ‘लागली आहे’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘बी’. ‘लागली होती’ किंवा ‘तेव्हा लागली’ असं म्हणावंसं वाटलं तर ‘गॉट’.

पाटीपेन्सिल

अर्धविराम, हा पडताळा फार उपयोगी आहे. मूळ लेखात तो हवा होता.

याच ओघात आणखी एक. मराठीत प्रत्येक भावनेला आणि अवस्थेला वेगळं क्रियापद जोडलेलं असतं. राग येतो, भूक लागते, अंधार पडतो, सवय जडते, उशीर होतो. इंग्रजीत यांतल्या बहुतेकांना ‘गेट’ पुरतं, फक्त विशेषण बदलतं: अँग्री, हंग्री, डार्क, यूज्ड टू, लेट. मात्र काही ठिकाणी ‘गेट’ शिरत नाही. झोप लागणे म्हणजे ‘फॉल अस्लीप’. टक्कल पडणे ‘गो बॉल्ड’, दूध नासणे ‘गो बॅड’ किंवा ‘गो सावर’, वेड लागणे ‘गो मॅड’. बिघाडाकडे जाणारे बरेच बदल ‘गो’कडे जातात. पण आजारी पडणे ‘गेट सिक’ आणि प्रकृती ढासळणे ‘गेट वर्स’, तेव्हा याला पक्का नियम समजू नका. ते शब्दाशब्दाने शिकावं लागतं.

कानामात्रा

मला नकाराबद्दल लिहायचं आहे, कारण ‘गेट’ची सगळ्यांत जास्त ऐकू येणारी चूक तिथली आहे. ‘आय डिडन्ट गॉट द मेसेज’.

याचं मूळ मराठी वाक्यात आहे. ‘मिळाला’ आणि ‘मिळाला नाही’. नकार आला तरी मराठीत क्रियापद भूतकाळातच राहतं, फक्त ‘नाही’ जोडलं जातं. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’वर जातो आणि क्रियापद मूळ रूपात परत येतं. ‘आय गॉट इट’, पण ‘आय डिडन्ट गेट इट’. प्रश्नातही तेच: ‘डिड यू गेट इट?’ भूतकाळाची खूण वाक्यात एकदाच दिसली पाहिजे.

दुसरी चूक ‘हॅव गॉट’ची. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणजे मला दोन भाऊ आहेत. इथे ‘गॉट’चा मिळण्याशी संबंध उरलेला नाही, ते निव्वळ ‘असणे’ आहे. याचा प्रश्न ‘हॅव यू गॉट...?’ किंवा ‘डू यू हॅव...?’ असा होतो. ‘डू यू हॅव गॉट’ ही दोन्हींची खिचडी आहे, ती चालत नाही. आणि ‘पूर्वी माझ्याकडे सायकल होती’ याला ‘आय हॅड अ बायसिकल’ पुरेसं आहे, तिथे ‘गॉट’ घालू नका.

मुळाक्षर

‘हॅव गॉट’ निघालं आहे तर ‘गॉटन’बद्दल.

‘गेट’ इंग्रजीत आलं ते ओल्ड नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून, इ. स. १२००च्या सुमारास. मूळ शब्द ‘गेटा’. त्याचे सगेसोयरे इंग्रजीत आधीपासून होते. ‘फर्गेट’ हे त्यांपैकी एक. त्याचं तिसरं रूप ‘फर्गॉटन’ आपण आजही न अडखळता वापरतो. ‘गेट’चं तिसरं रूपही पूर्वी ‘गॉटन’ होतं. ब्रिटनमध्ये ते मागे पडून ‘गॉट’ उरलं, अमेरिकेत टिकलं. म्हणून अमेरिकन माणूस ‘इट हॅज गॉटन कोल्ड’ म्हणतो आणि ब्रिटिश माणूस ‘इट हॅज गॉट कोल्ड’. दोन्ही शुद्ध.

पण अमेरिकेतही ‘गॉटन’ सगळीकडे चालत नाही. ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’ म्हणजे तिकीट मिळवलं. ‘आय हॅव गॉट अ टिकेट’ म्हणजे तिकीट माझ्याकडे आहे. मिळणं आणि असणं हा फरक त्यांनी दोन रूपांत वाटून घेतला आहे. ‘मला दोन भाऊ आहेत’साठी ‘गॉटन’ वापरलं तर अमेरिकन कानालाही ते खटकतं.

परीक्षेत किंवा लेखात एकच पद्धत धरून ठेवा. एका परिच्छेदात ‘गॉटन’ आणि दुसऱ्यात ‘गॉट’ असं नको.

रफवही

‘आय गॉट टू गो’ याचा अर्थ मला नेहमी ‘जावं लागेल’ असा माहीत होता. वर ‘जायला मिळालं’ असा दिला आहे. दोन्ही बरोबर कसे?

अर्धविराम

तुम्ही ऐकता ते वाक्य मुळात ‘आय’व्ह गॉट टू गो’ असतं. ‘हॅव’चा उरलासुरला ‘व्ह’ भरभर बोलताना गळून पडतो, ‘गॉट टू’चं ‘गॉटा’ होतं आणि कानावर ‘आय गॉटा गो’ येतं. ते ‘जायला हवं’.

‘जायला मिळालं’ हे साध्या भूतकाळातलं ‘गेट टू’ आहे. त्यात ‘हॅव’ मुळातच नाही.

ऐकताना घोटाळा वाटला तर नकार करून बघा, दोन वाटा लगेच वेगळ्या होतात. ‘आय डिडन्ट गेट टू गो’, जायला मिळालं नाही. ‘आय हॅवन्ट गॉट टू गो’, जाण्याची गरज नाही. भविष्यकाळातही तसंच: ‘यू विल गेट टू मीट हर’ म्हणजे तुला तिला भेटायला मिळेल आणि ‘यू विल हॅव टू मीट हर’ म्हणजे भेटावं लागेल. एकात आनंद आहे, दुसऱ्यात सक्ती. पत्रात चुकून अदलाबदल झाली तर समोरच्याला वाईट वाटू शकतं, एवढं ते गंभीर आहे.

लिहिताना ‘आय गॉट टू गो’ टाळा. सक्ती सांगायची तर ‘आय हॅव टू’ लिहा, संधी सांगायची तर ‘आय गॉट द चान्स टू’. वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागू नये.

शिरोरेखा

‘करून घेणे’ यावर मी लिहिते. एकच वाक्य घेऊन पूर्ण उलगडते.

‘मी केस कापले.’ मराठीत हे वाक्य केशकर्तनालयातून बाहेर आलेला माणूसही म्हणतो आणि आरशासमोर कात्री हातात धरलेला माणूसही. कोणी कापले हे सांगायची गरज आपल्याला वाटत नाही. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात होती असा अर्थ निघतो. दुसऱ्याकडून कापून घेतले असतील तर ‘आय गॉट माय हेअर कट’.

आता या वाक्यातला क्रम बघा. आधी ‘गॉट’, मग ज्यावर काम झालं ती वस्तू, म्हणजे ‘माय हेअर’, आणि सगळ्यात शेवटी कामाचं तिसरं रूप, ‘कट’. मराठीत ‘कापून घेतले’ हे दोन शब्द चिकटून येतात, त्यामुळे हात आपोआप ‘गॉट कट माय हेअर’ लिहितो. इंग्रजीत वस्तू त्या दोघांच्या मधे बसलीच पाहिजे. ‘गेट द शूज रिपेअर्ड’, ‘गेट द फॉर्म साइन्ड’, ‘गेट युअर आइज टेस्टेड’. तिसरं रूप विसरून ‘गेट द फॉर्म साइन’ असं लिहिणंही सर्रास दिसतं. सहीचं काम त्या फॉर्मवर होतंय, फॉर्म स्वतः सही करत नाही. म्हणून ‘साइन्ड’.

‘गेट’च्या जागी ‘हॅव’ही चालतं: ‘आय हॅड माय हेअर कट’. अर्थ तोच, थोडं अधिक औपचारिक. काम करून घ्यायला खटपट करावी लागली असेल तर ‘गेट’ जास्त शोभतं. ‘आय फायनली गॉट द टॅप फिक्स्ड’, शेवटी एकदाचा नळ दुरुस्त करून घेतला. या ‘एकदाचा’मधली दमछाक ‘गॉट’मध्ये आहे.

हीच रचना नको असलेल्या प्रसंगालाही वापरतात आणि तिथे ‘करून घेतलं’ असा अर्थ लावून चालत नाही. ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’ म्हणजे त्याचं बोट दारात सापडलं. त्याने ते सापडवून घेतलं नाही. प्रसंग बघून अर्थ लावायचा.

कानामात्रा

आणि माणसाकडून करवून घ्यायचं असेल तर? इथे तीन क्रियापदं आहेत आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

‘आय गॉट हिम टू साइन’: त्याला पटवलं, गळ घातली, मग त्याने सही केली.

‘आय हॅड हिम साइन’: त्याला सांगितलं, ते त्याचं कामच होतं, त्याने केली.

‘आय मेड हिम साइन’: त्याची इच्छा नव्हती, तरी करायला लावली.

‘टू’ फक्त ‘गेट’नंतर येतं. ‘मेड हिम टू साइन’ आणि ‘गॉट हिम साइन’ दोन्ही चुकीचे.

रफवही

मराठीतलं ‘करायला लावलं’ या तिन्हींत कुठे बसतं?

कानामात्रा

बहुतेक वेळा ‘मेड’शी. ‘गॉट’ला ‘त्याच्याकडून करवून घेतलं’ किंवा ‘त्याला तयार केलं’ जवळचं. ‘हॅड’ला ‘त्याला करायला सांगितलं’. पहिल्या लेखात ‘गेट’पुढे ‘करायला लावणे’ असं लिहिलं आहे. ते मला थोडं कडक वाटतं.

पाटीपेन्सिल

मान्य. ‘करवून घेणे’ असं वाचावं.

मुळाक्षर

‘गेट मॅरीड’, ‘गेट हर्ट’, ‘गेट लॉस्ट’ यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे ‘गेट’च्या थेट पुढे तिसरं रूप येतं आणि कर्मणीसारखी रचना होते.

‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: खिडकी फुटलेली होती, किंवा फोडली गेली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’चा एकच: फुटली. म्हणजे इथेही तोच ‘आहे’ आणि ‘झालं’चा फरक. घटना सांगायची आणि गैरसमज टाळायचा असेल तर ‘गॉट’ बोलण्यात सोयीचं. अहवालात, बातमीत, शास्त्रीय लेखनात मात्र ‘वॉज’च ठेवा.

लग्नाच्या वाक्यांत हा फरक फार स्पष्ट दिसतो. ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर असेल तर ‘गेट’: ‘दे गॉट मॅरीड इन २०१०’. ‘किती काळ?’चं उत्तर असेल तर ‘बी’: ‘दे हॅव बीन मॅरीड फॉर टेन इयर्स’. ‘दे गॉट मॅरीड सिन्स टेन इयर्स’ हे दोन्हीकडून चूक आहे. जोडीदाराचं नाव घ्यायचं तर पुढे ‘टू’ येतं, ‘विथ’ नाही: ‘शी गॉट मॅरीड टू हिम’. मराठीतल्या ‘त्याच्याशी’मुळे ‘विथ’ तोंडात येतं.

‘वी गॉट लॉस्ट’ म्हणजे आम्ही वाट चुकलो. तेच आज्ञार्थी ‘गेट लॉस्ट!’ म्हणजे ‘चालता हो’. शब्द तेच आहेत, म्हणून सावध.

सगळ्याच क्रियापदांना ही रचना चालत नाही. माहीत असणे, आवडणे, मालकी असणे यांसारख्या स्थितिवाचक क्रियापदांना ती लागत नाही. ‘द न्यूज गॉट नोन’ नाही, ‘द न्यूज बिकेम नोन’.

शिरोरेखा

सवयीच्या तीन वाक्यांची जुळवणी इथेच देऊन टाकते, लोक यात फार गोंधळतात.

‘आय गॉट यूज्ड टू वेकिंग अर्ली’: लवकर उठायची सवय झाली.
‘आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली’: लवकर उठायची सवय आहे.
‘आय यूज्ड टू वेक अर्ली’: पूर्वी लवकर उठत असे, आता नाही.

पहिल्या दोघांत ‘वेकिंग’, तिसऱ्यात ‘वेक’.

रफवही

बस, रेल्वे, गाडी यांत चढण्या-उतरण्याचं पक्कं काहीतरी सांगा. ‘गेट डाउन’ चूक आहे असं ऐकलं.

अर्धविराम

ज्या वाहनात शिरल्यावर उभं राहून चालता येतं, किंवा ज्याच्यावर स्वार व्हायचं असतं, त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. बस, रेल्वे, विमान, जहाज, सायकल, घोडा. जिथे वाकून आत बसायचं असतं तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट ऑफ’. मोटार, टॅक्सी, लहान होडी.

‘गेट डाउन’ हा शब्दप्रयोग चूक नाही, जागा चुकते. शिडीवरून, झाडावरून, टेबलावरून खाली येणं म्हणजे ‘गेट डाउन’. बसमधून आपण खाली उतरतो खरं, पण इंग्रजी त्याकडे वाहनापासून सुटं होणं म्हणून बघतं. म्हणून ‘ऑफ’.

कानामात्रा

जोडशब्दांची लांबलचक यादी पाठ करू नका. प्रत्येकासाठी मराठीत तयार असलेलं क्रियापद शोधा, ते डोक्यात राहतं.

एकमेकांशी पटणे: ‘गेट अलाँग विथ’. तुटपुंज्यात भागणे: ‘गेट बाय’. आजारातून किंवा दुःखातून सावरणे: ‘गेट ओव्हर’. फोन लागणे: ‘गेट थ्रू’. ‘आय कुडन्ट गेट थ्रू’ म्हणजे फोन लागलाच नाही. मुद्दा समोरच्यापर्यंत पोचवणे: ‘गेट इट अक्रॉस’. चुकीचं काम पचणे, अंगाशी न येणे: ‘गेट अवे विथ’. राहून गेलेल्या कामाला अखेर मुहूर्त लागणे: ‘गेट अराउंड टू’. हे शेवटचं मला विशेष आवडतं, कारण ‘मुहूर्त लागला नाही’ला याहून जवळचा इंग्रजी शब्द मला तरी सापडत नाही. त्याच्या पुढे ‘-इंग’ रूप येतं: ‘आय नेव्हर गॉट अराउंड टू क्लीनिंग द शेल्फ’.

‘गेट बॅक’ मात्र जपून. नुसतं ‘गेट बॅक’ म्हणजे परत येणे. ‘गेट बॅक टू यू’ म्हणजे नंतर कळवणे. ‘गेट बॅक अ‍ॅट यू’ म्हणजे उट्टं काढणे. कामाच्या पत्रात ‘टू’च्या जागी ‘अ‍ॅट’ पडलं तर ती धमकी होते.

शिरोरेखा

त्यात सर्वनामाची जागाही सांगायला हवी. ‘गेट देम बॅक’ म्हणतात, ‘गेट बॅक देम’ नाही. पण ‘गेट ओव्हर इट’ म्हणतात, ‘गेट इट ओव्हर’ नाही. कारण ‘बॅक’ हे क्रियापदाला जोडलेलं सुटं पद आहे आणि सर्वनाम त्याच्या आधी येतं. ‘ओव्हर’ इथे शब्दयोगी अव्ययाचं काम करतं, त्याला पुढे काहीतरी हवंच असतं. नवीन जोडशब्द शिकताना तो ‘इट’ घालूनच शिका: ‘गेट इट अक्रॉस’, ‘गेट थ्रू इट’. मग जागा वेगळी लक्षात ठेवावी लागत नाही.

मुळाक्षर

मराठीत रुळलेल्या शब्दांमुळेही गैरसमज होतात. आपल्याकडे ‘गेट’ म्हणजे फाटक. तो शब्द वेगळा, त्यातला ‘ए’ लांब आणि शेवटी ‘इ’कडे झुकणारा. ‘मिळणे’वाल्या ‘गेट’मधला ‘ए’ आखूड, तुटक. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून उच्चारही सारखा होतो. ‘गेटपास’मधला गेट फाटकाचा आहे. सुट्टीतल्या छोट्या सहलीला ‘गेटवे’ म्हणतात ते मात्र चूक. तो शब्द ‘गेटअवे’ आहे, निसटून दूर जाणे. ‘गेटवे’ म्हणजे प्रवेशद्वार.

‘गेटअप’ आपण पोशाखाला आणि पुस्तकाच्या रूपालाही कौतुकाने म्हणतो. आजच्या इंग्रजी बोलण्यात या नामाला ‘विचित्र वेश’ अशी छटा येते, म्हणून कोणाच्या कपड्यांची स्तुती करताना ते टाळलेलं बरं.

रफवही

आतापर्यंतचं वाचून सहा वाक्यं लिहिली आहेत. तपासून द्याल का?

१. आय अ‍ॅम गेटिंग लेट.
२. आर यू गेटिंग मी?
३. गेट सम वॉटर टू मी.
४. आय विल गेट फ्रेश अँड कम.
५. आय गॉट अ न्यू फोन.
६. वी हॅव गॉट युअर अ‍ॅप्लिकेशन. हे कार्यालयीन पत्रासाठी.

अर्धविराम

१. आपल्याकडे सगळे समजतात, पण इतरत्र ‘आय अ‍ॅम रनिंग लेट’ म्हणतात. ‘इट इज गेटिंग लेट’ मात्र अगदी बरोबर: बरीच रात्र होत आली, निघायला हवं.

२. ‘डू यू गेट मी?’ किंवा त्याहून सौम्य ‘डू यू सी व्हॉट आय मीन?’. समजणे या अर्थाचं ‘गेट’ सहसा चालू काळात जात नाही. कळलं असेल तर उत्तर ‘गॉट इट’, कळलं नसेल तर ‘आय डोन्ट गेट इट’.

३. ‘गेट मी सम वॉटर’ किंवा ‘गेट सम वॉटर फॉर मी’. ‘गेट’च्या या अर्थात जाऊन घेऊन येणं आहे, ते कोणासाठी तरी असतं, म्हणून ‘फॉर’. माणूस तसाही इकडे यायला निघालाच असेल आणि येता येता आणायला सांगायचं असेल तर ‘ब्रिंग’.

शिरोरेखा

४. हे वाक्य कृपया वापरू नका. ‘गेट फ्रेश विथ समवन’ म्हणजे कोणाशी आगाऊपणा करणे, अंगलट करणे. नुसत्या ‘गेट फ्रेश’मधूनही ऐकणाऱ्याला तेच आठवू शकतं. हातपाय धुऊन, आवरून येते असं म्हणायचं तर ‘आय विल फ्रेशन अप’. ‘अँड कम’चीही गरज नाही. ते आपल्या ‘होऊन येते’मधलं ‘येते’ आहे. ‘आय विल बी राइट बॅक’ जोडा.

पाटीपेन्सिल

५. व्याकरण बरोबर, पण अर्थ दोन. फोन विकत घेतला की कोणी दिला? मराठीत ‘घेतला’ की ‘मिळाला’, ‘मी’ की ‘मला’, हे ठरवल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. इंग्रजीत ‘आय’ दोन्हींना चालतो. फरक महत्त्वाचा असेल तर ‘बॉट’ किंवा ‘वॉज गिव्हन’ म्हणा.

६. चूक नाही, पण कार्यालयीन पत्राला सैल वाटतं. ‘वी हॅव रिसीव्ड युअर अ‍ॅप्लिकेशन’. पत्रात ‘गेट’ आलं की त्याच्या अर्थाप्रमाणे बदला: मिळणे असेल तर ‘रिसीव्ह’, प्रयत्नाने मिळवणे ‘ऑब्टेन’, होणे ‘बिकम’, पोचणे ‘अराइव्ह’, समजणे ‘अंडरस्टँड’. बोलताना उलट करू नका. ‘आय ऑब्टेन्ड अ कोल्ड’ असं कोणी म्हणत नाही. सर्दी झाली तर ‘आय गॉट अ कोल्ड’.

रफवही

चौथं आणि सहावं दुरुस्त करून वहीत उतरवलं. ‘अराइव्ह’च्या पुढे ‘टू’ लागतं का?

पाटीपेन्सिल

नाही. स्टेशन, शाळा अशा ठिकाणी ‘अराइव्ह अ‍ॅट’, शहर किंवा देशाला ‘अराइव्ह इन’. आणि ‘रीच’ला काहीच नाही: ‘रीच द स्टेशन’. ‘टू’ फक्त ‘गेट’ला.